सातव्या आकड्यावरची थाप

चॅनेलच्या ऑफिसात सगळे तिला यानवाली म्हणायचे. अंतराळयानाची मालिका ती तीन वर्षं एकटी लिहीत होती आणि त्या दुपारी स्टुडिओत बसून प्रेक्षकांच्या फोनना थेट उत्तरं देत होती. शेजारी निर्माता होता. यानात कपडे कुठं वाळत घालतात, असं एकानं विचारलं. ती म्हणाली, “नवऱ्याला विचारून सांगते, आमच्याकडे ते खातं त्याचं.” सगळे हसले.

पुढचा फोन एका बाईचा.

“इंजिनिअर दार बंद करतो, तो भाग. गळती झालेली असते, आत एक माणूस राहिलेला असतो. इंजिनिअर दहापर्यंत मोजतो. सातला आतून थाप ऐकू येते, तरी तो दार लावतो. हे तुम्हाला कसं सुचलं?”

निर्माता खूश झाला.

“माझे वडील असेच गेले,” बाई म्हणाली. “कारखान्यात, वायुगळतीत. दार लावणाऱ्यानं चौकशीत सांगितलं, दहापर्यंत मोजलं, पण आत कुणी असल्याचं कळलंच नाही. मग ही थाप आली कुठून?”

 दार लावणारा यानवालीचा बाप होता. दोन वर्षांपूर्वी, स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, थाप ऐकूनही दार लावल्याचं त्यानं तिला सांगितलं होतं. एकदाच. आणि पुढं एका भागाचं घोडं अडलं तेव्हा, त्याला न विचारता, तिनं ते उचललं होतं.

निर्मात्यानं कागद पुढं सरकवला: ‘कल्पनाशक्ती म्हणा, पुढं चला.’

दिवे डोळ्यांवर येत होते. तिनं कागद पालथा घातला.

“मला सुचलेलं नाही ते,” ती म्हणाली. “सांगितलंय कुणीतरी. तुमचा नंबर देऊन ठेवा. मी आजच फोन करते.”

घरी पोचली तर बाबा टीव्ही बंद करून खुर्चीत ताठ बसले होते.

“बाबा, माझं चुकलं.”

“तो भाग मी तेव्हाच पाहिला होता,” ते म्हणाले. “काही बोललो नाही. वाटलं, तू लिहिलंस, तेवढ्यात भागलं. नंबर आण.”

आकडे त्यांनीच दाबले. एकदा चुकले, पुन्हा दाबले. पलीकडून बाईनं एवढंच विचारलं, “किती वेळ वाजवत होते?”

“मी तिथं होतो तोवर. पाच मिनिटं. जास्तच.”

 मग ती म्हणाली, “हे माझ्या आईसमोर येऊन सांगा.”

रविवारी दोघं गेली. म्हातारीनं बसा म्हटलं नाही. बाबा उभ्या उभ्याच सगळं बोलले.

“उघडलं असतंत तर?” तिनं विचारलं.

“बाहेर अठरा जण होते.”

“ते समजलं. मग तेव्हाच का नाही सांगितलंत? ‘कळलंच नाही’ कशाला म्हणालात?”

 “घाबरलो,” ते म्हणाले.

म्हातारीनं माफ केलं नाही. तिला हे लेखी हवं होतं, सहीनिशी. तिच्या लेकीनं वही आणून दिली. बाबा जमिनीवर बसून लिहू लागले, खोडू लागले, पुन्हा लिहू लागले. यानवालीला बघवेना. ती वाकून म्हणाली, “द्या, मी वाक्यं नीट करते.”

“हात लावू नकोस,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली.