पहिला महिना कुणाचा

चाइल्ड बेनिफिटचे, म्हणजे मुलासाठीच्या भत्त्याचे, जास्त दिलेले पैसे परत करा, असं सरकारी पत्र आलं, तेव्हा नवऱ्याने आधी शांतपणे चहा संपवला. मी मात्र त्यातल्या एका वाक्यावर अडले. त्या काळात मूल तुमच्यासोबत राहत नव्हतं, असं लिहिलं होतं.

खोटं नव्हतं. मला इथे आयर्लंडमध्ये, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात नोकरी लागली होती, तीही शिफ्टची. नवरा कामासाठी आठवडाभर शॅननला आणि क्रेशमध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागा मिळेना. म्हणून दीड वर्षाच्या लेकीला आम्ही पुण्याला थोरल्या जाऊबाईंकडे ठेवलं. आठ महिने. सरकारला कळवायला हवं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. भत्ता आपला दर महिन्याला जमा होत राहिला.

जाऊबाईंना मूल नाही. त्या प्रेमाने करतील हे ठाऊक होतं, इतक्या प्रेमाने करतील हे नव्हतं. व्हिडिओ कॉलवर लेक माझ्याकडे बघायची आणि वळून त्यांच्या ओढणीत तोंड खुपसायची. "अगं, आई आहे ना ती, हाय कर," त्या हसून म्हणायच्या. माझ्या पोरीला माझीच ओळख करून देत होत्या! मी इकडे हसायचे आणि फोन ठेवला की भांडी आपटायचे. आयत्या बिळावर नागोबा, असं त्यांना मनात कितीदा म्हटलं असेल. लेक परत आल्याला वर्ष झालं, तरी ताप आला की तिला काकूच हवी असते. माझ्या पोटात दुखतं, आजही.

तर मी त्या ऑफिसला फोन लावला. हप्ते पाडून मिळाले. मग म्हटलं, पहिला महिना धरू नका, तेव्हा मी पुण्यातच होते, मूल माझ्यापाशी होतं.

"आणि हू वॉज माइंडिंग हर, लाइक?" तिला सांभाळत कोण होतं, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मीच."

"देन यू'र ग्रँड." मग काही अडचण नाही, फक्त नंतर जिने सांभाळलं, तिच्याकडून मूल कधीपासून तिच्याकडे होतं ते चार ओळींत लिहून मागवा, म्हणाल्या. तेवढ्यावर तो महिना सोडून देणार होत्या.

"एका महिन्यासाठी काय डोकं लावतेस यार," नवरा म्हणाला. "भरून टाकू." त्याला वाटलं, मी पैशांसाठी भांडतेय. मला तो महिना हवा होता. आठातला एक तरी कागदावर माझा असायला हवा होता.

जाऊबाईंशी कधी नव्हे ती गोड बोलले. "वहिनी, मी तिथून निघाल्यापासून ती तुमच्याकडे होती, एवढंच लिहून द्या ना."

त्या म्हणाल्या, "तू खोलीचं दार लावून लॅपटॉपवर नव्या नोकरीच्या ट्रेनिंगला बसायचीस. जेवण, अंघोळ, झोप, सगळं माझ्याकडेच होतं तिचं. आधी आधी ती दारावर थापा मारायची. मग थांबली."

"म्हणजे लिहून देणार नाही?"

"देते ना. पण आठ महिने लिहीन. हवं तर त्या महिन्याचे पैसे मी पाठवते, पण तो मागू नकोस गं. पुढचे सगळे तुझेच आहेत."

माझे कान तापले. पैसे टाकून महिना विकत घेतात म्हणजे काय! काहीतरी लागेल असं बोलायला तोंड उघडलं, पण त्या थापा आठवल्या. त्या मी ऐकल्या होत्या. हेडफोनचा आवाज वाढवला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, आठही महिने धरा. "आर यू शुअर?" त्यांनी दोनदा विचारलं.

आता दर महिन्याला भत्त्यातून हप्ता कापला जातो. पैसे पाठवू का, म्हणून जाऊबाई अजून विचारतात. मी एक पैसा भरू दिलेला नाही. आठ महिने त्यांचे झाले, फेडायचे तरी माझ्याकडेच राहू देत.