गवंड्याची थापी

आमच्या चर्चची तरुण मंडळी दरवर्षी किन्हवलीजवळच्या एका पाड्यावर सेवेला जाते. तिथला म्हातारा गवंडी आमच्याकडून बांधकाम करून घेतो. बोलणं कमीच. भिंतीला ओळंबा लावायचा, एक डोळा मिटायचा आणि नुसतं "हूं" करायचं. काम मनासारखं झाल्याशिवाय मात्र तो थापी धूत नाही.

गेल्या वर्षी विसरलेली पिशवी घ्यायला मी परत गेले, तर हा आम्ही बांधलेली भिंत उतरवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा अंगणवाडीची भिंत बांधली. संध्याकाळी त्याने दोनदा ओळंबा सोडला. मला राहवेना.

"काका, हीपण पाडणार का?"

"पानी आन गो बाय," तो म्हणाला, आणि थापी धुवायला बसला.