मापाड्याची रानबदकं

समुद्रात घुसलेल्या त्या टेकाडावर वारा असा सुटायचा की बोलणाऱ्याचा शब्द ओठांवरच उडून जावा. पानगळ लागली की उत्तरेकडून रानबदकांचे थवे यायचे, टेकाडाला वळसा घालायचे आणि दक्षिणेची वाट धरायचे. त्यांची मोजणी करायला पक्षीखात्याने माथ्यावर लाकडी खोपटं बांधलं आणि किल्ली दिली आमच्या गावच्या मापाड्याला. खात्याला दुसरं कोणी भेटलं नाही.

मापाड्याने तीस वर्षं धक्क्यावर मासळीच्या टोपल्या तोलल्या होत्या. टोपली आली, तोलली, पुढे गेली. गेलेली टोपली पुन्हा काट्यावर आली नाही. एवढं ज्ञान गाठीला बांधून हा गृहस्थ आभाळाची मापं काढायला बसला. खोपट्याला एकच खिडकी, समुद्राकडची. समोरून पक्षी गेला की मुठीतल्या मोजणीयंत्राचं बटण अंगठ्याने दाबायचं. डोक्याला काही काम नसल्यामुळे त्याला ते फार मानवलं.

दरसाल आकडा चढत गेला. तिसऱ्या वर्षी अकरा हजार! वर्तमानपत्रात फोटो छापून आला. ते कात्रण खिशात घेऊन तो हिंडायचा आणि रस्त्यात सापडेल त्याला थांबवून सांगायचा, "पक्षी काय, कावळ्यालाही दिसतात. मोजायला नजर लागते!"

बायकोला ती नजर नाही, हे त्याचं ठाम मत. घर टेकाडाच्या मागच्या उतारावर होतं. एका सोसाट्याच्या सकाळी ती परसात धुणं वाळत घालत होती, तेव्हा एक थवा वाऱ्यापुढे कच खाऊन टेकाडामागून, तिच्या दोरीवरून, उत्तरेकडे परत गेला. त्यातल्या एकाचा पाय लोंबत होता. धुणं वाळायच्या आत तेच बदक तिला तीनदा दिसलं.

"अहो, ते लंगडं आज तीन वेळा परत गेलं," जेवताना ती म्हणाली.

"लंगडं बदक जगात एकच असतं का?"

"असू देत तीन. पण तिन्ही उलटी कशी चालली होती?"

"तू धुणं बघ. पक्षी मागे फिरत नसतात."

"तुम्ही मागे वळून कधी बघितलंत?"

"मोजणारा मागे बघत नाही. आकडा चुकतो!"

तिने त्याच्या ताटात भात वाढला. संसारात तिला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं होतं.

पुढच्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं. दक्षिणेकडच्या खोपट्यात गेल्या साली जेमतेम चार हजार पक्षी मोजले होते. मग इथले अकरा हजार गेले कुठे? तपासणीला खात्याच्या बाई येतील. आकडा खोटा निघाला तर किल्ली परत द्यावी लागेल. मापाड्याने पत्र दोनदा वाचलं आणि बुटांना पॉलिश केलं. त्याला वाटलं, सत्कारच आहे.

बाई आल्या त्या दिवशीही वारा पिसाळलेला होता. तासभर त्या खोपट्यात बसल्या, मग उतरून परसात बायकोजवळ उभ्या राहिल्या. दोघींनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. बाई पुन्हा वर आल्या.

"काका, सकाळपासून किती?"

"सहाशे बारा!"

"त्यातून परत फिरलेले किती वजा केले?"

"परत फिरलेले?" मापाडी हसला. "बाई, तुमच्या जन्माच्या आधीपासून मोजतोय मी."

"जरा खाली चला."

परसात त्याला उभं केलं. थवा आला, डोक्यावरून, इतका खाली की पंखांचा फडफडाट कानात शिरला, आणि आला त्याच वाटेने उत्तरेला गेला. मापाड्याचं तोंड उघडंच राहिलं. अंगठा मात्र सवयीने बटण दाबत होता, टक, टक, टक. बायकोने त्याच्या मुठीतून यंत्र हळूच सोडवून घेतलं.

"पुरे आता," ती म्हणाली. एवढ्या मऊ आवाजाची त्याची लायकी नव्हती.

तीन वर्षांचे आकडे खात्याने रद्द केले आणि किल्ली बायकोच्या पदराला बांधली. ती खोपट्याच्या दारात, उघड्यावर बसते. गेलेले एका कागदावर लिहिते, परतलेले दुसऱ्यावर. यंदा तीन हजार नऊशे निघाले.

मापाडी आता न्हाव्याच्या दुकानात बसून असतो.

"माझ्या हाती मोजणी होती तोवर अकरा हजार यायचे," तो सांगतो. "हिच्या हाती गेली, आणि बघा, चार हजारसुद्धा नाहीत. पक्ष्यांनाही माणूस कळतो!"

आणि दुकानातले सगळे, न्हाव्यासकट, गंभीरपणे मान डोलावतात.