दाराजवळची सीट

मावशी कुणाच्या बापाला भीत नाही, असं आमच्या स्टँडवर कुणीही सांगेल. शाळेची व्हॅन चालवते. नवऱ्याची पाठ कायमची गेली तेव्हा स्टिअरिंग तिने हातात घेतलं, आणि उलट्या बाजूने घुसलेल्या एका ट्रकवाल्याला अख्खा रस्ता तुंबलेला असताना मागे सरकायला लावलं. पोरं मावशी म्हणतात म्हणून पालकही म्हणतात, आणि तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरही. पण गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला न्यायची म्हटली की याच बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. मी चालक संघटनेचं काम करते, त्यामुळे अशा वेळी सोबत जाते. त्या सकाळी तिच्या हाताच्या घामाने स्टिअरिंगचं कव्हर ओलं झालेलं मी पाहिलं.

भीती उगाच नव्हती. गाडी पास झाली नाही तर तुमची फेरी दुसऱ्याला देऊ, असं शाळेने बजावलं होतं. मावशीच्या घरात फेरीचे पैसे सोडून दुसरं काहीच येत नाही.

आमच्या स्टँडची एक रीत आहे. कोपऱ्यात पत्र्याची पेटी असते. त्यात एक धड वायपर, उजळ बल्ब, न तडकलेला आरसा, आग विझवायचा सिलिंडर. ज्याची गाडी पासिंगला त्याने ते लावून जायचं आणि संध्याकाळी काढून परत पेटीत ठेवायचं. आम्ही त्याला दागिने म्हणतो. मावशीची व्हॅन त्या दिवशी नटून निघाली, तेव्हा आमच्यातलाच एक व्हॅनवाला, पैलवान, मागून ओरडला होता, नवरीला मान खाली घालून चाल म्हणावं.

तपासणीच्या आवारात आमच्या पुढे रांग होती. इन्स्पेक्टर सर्दीने बेजार झालेला, मुकाट काम करणारा माणूस. वायपर फिरला, हॉर्न वाजला. मग त्याने ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागे जाऊन उभा राहिला. डावा दिवा लागेना. बल्ब पेटीतला होता, चांगलाच होता, पण आत होल्डरच गंजून गेला होता. कुडी सोन्याची आणि कानाला भोक नाही, अशी गत. मावशीने तीनदा ब्रेक दाबला.

मग तो मागच्या दारातून आत वाकला. शेवटच्या रांगेतल्या दाराजवळच्या सीटचा बेल्ट त्याने ओढला, तर बेल्टाचं टोक सरळ त्याच्या हातात आलं. मागे नुसती गाठ मारून ठेवली होती.

“इथे कोण बसतं?” त्याने विचारलं.

“कुणी नाही,” मावशी म्हणाली. “रिकामीच असते.”

समोरच्या सीटच्या पाठीवर निळ्या पेनाने एक मांजर काढलेलं होतं. मिश्या एका बाजूलाच. इन्स्पेक्टरने ते मांजर पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि गाडी नापास केली. परवा पुन्हा आणा, तोवर पोरं बसवायची नाहीत.

माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा दिव्यापायी, एका पट्ट्यापायी बाईच्या पोटावर पाय देता, धुराचे लोट सोडणारे ट्रक तुम्हाला दिसत नाहीत, असं मी तोंडाला येईल ते सुनावलं. आणखीही सुनावलं असतं, पण मावशीने माझी बाही घट्ट धरली. एवढी घट्ट की शिवण उसवली.

परत येताना ती रस्त्याच्या कडेने, दुसऱ्या गिअरमध्ये चालवत होती. मग म्हणाली, “ताई, तिथे बारकी बसते.”

बारकी म्हणजे तिची धाकटी. त्याच शाळेत दुसरीला. तिचं म्हणणं साधं होतं. चांगल्या सीटा दुसऱ्यांच्या पोरांना द्यायच्या, कारण त्यांच्या आईबापांना आपण शब्द दिलेला असतो. उरली ती घरच्या पोरीला. बेल्ट तुटला तेव्हा गाठ मारली, आणि पोरीला शिकवलं की वळण आलं की समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा. बारकीला तो खेळ वाटायचा. “आज त्याने ओढला ना, तेव्हा मला पट्टा दिसलाच नाही, बारकी दिसली,” मावशी म्हणाली.

होल्डर त्याच दुपारी बदलला. बेल्टाचं मात्र अडलं. या जुन्या गाडीचा बेल्ट मागवावा लागेल, आठवडा तरी जाईल, असं दुकानदाराने सांगितलं. परवाची तारीख चुकली तर फेरी गेली. तेव्हा पैलवान पुढे आला. त्याची व्हॅन त्याच कंपनीची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आपला बेल्ट सोडवला आणि स्वतः मावशीच्या गाडीत बसवून दिला. मावशीची पोरंही स्टँडवाल्यांनी आपापल्या गाड्यांत वाटून घेतली होती. आमच्या माणसांना नावं ठेवायला सगळे पुढे असतात, पण अडीनडीला अशी धावणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच इन्स्पेक्टर. दिवा लागला. मग तो स्वतः दाराजवळच्या सीटवर बसला, बेल्ट लावला आणि जोरात पुढे झुकला. बेल्टाने त्याला गचकन मागे खेचलं.

“इथे कोण बसतं?” त्याने पुन्हा विचारलं.

“माझी मुलगी,” मावशी म्हणाली.

त्याने मान हलवली. गाडी पास झाली. मला वाटलं, आता बाई हसेल. ती आवाराबाहेर गाडी थांबवून गटाराच्या कडेला ओकली.

स्टँडवर पैलवान पान्हा घेऊन उभाच होता. दुपारी शाळा सुटायच्या आत बेल्ट त्याच्या गाडीत हवा होता. मावशी खाली उतरली, त्याच्या व्हॅनचं मागचं दार उघडून पाहत राहिली. बेल्ट काढलेल्या जागी दोन भोकं होती.

“आज सकाळी या सीटवर कोण होतं?” तिने विचारलं.

पैलवानाला प्रश्नच कळला नाही. “तुझी बारकीच की,” तो म्हणाला, तेही मोठ्या मनाने. “लोकांच्या पोराला बिनपट्ट्याचं कसं बसवणार? ती आपल्या घरची.”

मावशी मटकन पायरीवर बसली. पैलवान पाणी आणायला धावला. आपण काय बोललो हे त्याला पाणी देतानाही उमगलं नव्हतं. उमगलं तेव्हा पान्हा त्याच्या हातातून खाली गेला. मावशीनेच तो उचलला. आपल्या गाडीतून बेल्ट सोडवला, त्याच्या गाडीत बसवला, आणि बोल्ट इतका आवळला की मला वाटलं पान्ह्याचे दात जातील. मग स्वतःच्या गाडीतली ती सीट तिने दोरीने आडवीतिडवी बांधून टाकली, कुणी बसूच नये अशी.

नवा बेल्ट येईपर्यंत बारकी पायी शाळेत गेली. नवरा काठी टेकत सोबत जायचा. रोज सकाळी व्हॅन त्यांना वाटेत गाठायची, आतली पोरं खिडकीतून हात करायची, बारकीही उड्या मारत हात करायची. मावशी सांगते, त्या दिवसांत तिला रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक बारकीकडेच चाललेला दिसायचा.

बेल्ट आला. पेटी अजून कोपऱ्यात आहे. ती बंद करा म्हणून मी सभेत भांडले, निम्म्यांनी ऐकलं, निम्म्यांनी जांभया दिल्या. बेल्ट मात्र आता कुणी कुणाला देत नाही. पैलवान तर दुसऱ्याच्या गाडीतही मागे जाऊन प्रत्येक पट्टा ओढून बघतो, आणि त्यावरून शिव्या खातो.

परवा मी मावशीच्या शेजारी बसून शाळेपर्यंत गेले. प्रत्येक वळणाआधी तिचे डोळे आतल्या आरशाकडे जात, दाराजवळच्या सीटकडे. पट्टा लागलेला असायचा. तरी पुढच्या वळणाला पुन्हा तेच. शेवटी मागून बारकीचा वैतागलेला आवाज आला.

“आई, समोर बघ ना.”