झेंडा खाली येईपर्यंत

खर्डा गावात अशी बोलवा उठली होती की, आमच्या हायस्कुलातल्या गणिताच्या भिंगारदिवे बाईंनी माझ्या वर्गातल्या सहादेववर करणी केली. सहादेवची आई साळूबाई खडी फोडायच्या कामावरनं दुपारची भाकर घेऊन शाळेत आली. तिनं फाटकातनं लेकाला हाका मारल्या, आणि लेक काही थांबेना. चिंचोक्यांच्या ढिगापासून फळ्यापर्यंत, फळ्यापासून ढिगापर्यंत. घाण्याचा बैल बरा! पारावर येऊन तिनं जे सांगितलं ते मला तोंडपाठ आहे, कारण संध्याकाळपर्यंत मी ते सगळ्या आळीला करून दाखवलं: "डोळं उघडं, पर वळख न्हाई गं बाई! मी म्हन्ते सहाद्या, सहाद्या, आन् त्यो मला वलांडून गेला, जनू मी खांबच!" दिवेलागणीला बाईंच्या पिशवीत लिंबूही सापडलं.

आता खरं काय ते. लिंबू होतं, पण सरबताचं. आणि सहादेवला आईची हाक चांगली ऐकू आली होती. "आयचा आवाज कुनाला ऐकू येत न्हाई?" तो मला म्हणाला. "पर झेंडा वर हुता. मदीच कसा थांबू?"

हन्ना भिंगारदिवे बाई मूळच्या नगरच्या. तिशीच्या आतबाहेर, उंच, मनगटावर वडलांचं मोठं घड्याळ, आवाज जरा नाकातला. वाक्य संपलं की टेबलावर खडू ठोकून विचारायचं, "हं, पुढं?" पुढं काही नसलं तरी. गेल्या उन्हाळ्यात पुण्याला गणिताच्या शिक्षकांचं शिबिर झालं, तिथे त्यांना काचेपलीकडून कॉम्प्युटर दाखवला. बाकीचे मास्तर त्याचे दिवे बघत राहिले. बाईंनी तिथल्या इंजिनियरला गाठलं. "एकाच प्रोग्रामातली दोन-तीन कामं एकदम धावतात म्हणता. मग ती मधेच थांबवायची झाली तर?" तो हसला म्हणे, आणि म्हणाला, "बाई, चालू करणं कुणालाही जमतं. सगळी भानगड थांबवण्यात आहे."

ही भानगड बाईंनी एसटीतनं खर्ड्याला आणली. इथे कॉम्प्युटर कुठला? विजेचाच पत्ता नसतो. म्हणून बाईंनी दर शनिवारी पोरांचाच कॉम्प्युटर केला. सहादेव, छबू आणि बनू ही तीन कामं. अंगणात चिंचोक्यांचा ढीग, भिंतीला टेकवलेला फळा, आणि सगळ्यांत मिळून खडू एकच. प्रत्येकानं मूठभर चिंचोके उचलायचे, मोजायचे, फळ्याशी जायचं. खडू दुसऱ्याकडं असला तर उभं राहायचं. मिळाला की फळ्यावरच्या बेरजेत आपले मिळवायचे, मूठ मडक्यात रिकामी करायची, खडू जागेवर ठेवायचा. आणि मग, तेव्हाच, मान वर करून काठीवरचा लाल रुमाल, म्हणजे आमचा झेंडा, बघायचा. रुमाल वर असला तर पुन्हा ढिगाकडं. खाली असला तर बसायचं. बोलावणं, ओरडणं, हात हलवणं, कशाकडंही लक्ष द्यायचं नाही.

"पण बाई, नुसतं थांब म्हटलं की थांबलं तर काय बिघडतं?" बनूनं विचारलं होतं.

"तुझ्या मुठीत चिंचोके असताना थांबलीस, तर ते ढिगातही नाहीत आणि फळ्यावरही नाहीत. गेले कुठे? हातात खडू असताना थांबलीस, तर हे दोघे म्हातारे होईपर्यंत उभे. हं, पुढं?"

साळूबाईची कहाणी आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन भिमाजी आण्णा यांच्या कानावर गेली. बाई टेंपररी होत्या. कायम करायचं की मे महिन्यात निरोप द्यायचा, हे आण्णांच्या हातात. हेडमास्तरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. मी खिडकीखाली होतो, म्हणून हे शब्द हेडमास्तरांचेच समजा: "म्हणजे असं आहे की, बाई... म्हणजे आण्णा म्हणतात, हे चिंचोक्यांचं खूळ बंद केलं, तर ऑर्डर... म्हणजे असं आहे की, निघेल."

"खूळ बंद करायचं तर मलाच काढा," बाई म्हणाल्या. "पण आण्णांना म्हणावं, आधी येऊन बघा. न बघता काढलंत तर मी जाणार नाही."

"म्हणजे असं आहे की, असं कसं?"

"असंच."

शनिवारी आण्णा आले. आण्णांचा आवाज असा की त्यांनी घरातनं हाक दिली तर जामखेडची एसटी फाट्यावर थांबते. खुर्चीवर बसले. समोर तिघं धावताहेत, रुमाल वर फडफडतोय. आण्णांनी घसा साफ केला.

"थांबा रे!"

नारळाच्या झाडावरचे कावळे उडाले. शिपायाच्या हातातली बादली खाली आली. तिघं चालूच.

"आरं थांबा म्हन्लं ना! कोन बोलतंय कळतंय का?"

सहादेव त्यांच्या खुर्चीला वळसा घालून ढिगाकडं गेला. आण्णांचे कान लाल झाले. ते उठले आणि फळ्याशी असलेल्या छबूचा दंडच धरला. छबू थांबली. आण्णांनी बाईंकडं असं पाहिलं, की झाली की नाही बंद तुमची गंमत.

बाईंनी नुसतं ढिगाकडं बोट केलं.

सहादेव मोजून फळ्याशी आला आणि छबूच्या मागं उभा राहिला. बनू आली आणि सहादेवच्या मागं उभी राहिली. मग काहीच होईना.

"तू का उभा? चाल की," आण्णा सहादेवला म्हणाले.

"खडू तिच्याकडं हाय, आण्णा."

"मग तू?" बनूला. "टाक त्ये चिंचुके खाली आन् जा घरी."

बनूनं मूठ आणखी आवळली. "लिवल्याबिगर न्हाई टाकनार."

"आण्णा," बाई म्हणाल्या, "तुम्ही एकीला धरलंत, तिघं अडकली. आता कुणाला हात न लावता चालवून दाखवा."

आण्णांनी दंड सोडला. छबूनं, जसं काही झालंच नाही असं, बेरीज पुरी केली, खडू ठेवला, रुमालाकडं बघितलं आणि निघाली. रांग हलली.

"ह्यात काय न्हाई," आण्णा खुर्चीत बसत म्हणाले. "पोरं फकस्त तुमचं ऐकत्यात. त्यालाच गाव करनी म्हन्तं."

"माझंही ऐकत नाहीत."

"ह्यॅ!"

इथे माझी जीभ सुटली. "बाई, तुमचं ऐकतील! लावता पैज?" बोलून गेलो आणि मग कळलं की मी जिंकलो तर बाई जाणार.

"लावली, छगन," बाई म्हणाल्या.

"तुमी हाक नका मारू," आण्णा म्हणाले. "तुमी खोटी माराल. ह्यो पोरगा समद्यांचा आवाज काढतो. माजाबी काढतो, म्हायती हाय मला. ह्यो मारंल."

बाई मला पाण्याच्या हौदामागं घेऊन गेल्या, म्हणजे पोरांना आम्ही दोघंही दिसू नये. "हरलास तर आठ दिवस तोंडानं कुणाची नक्कल नाही."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मग मी इथे नसेनच. हवी तेवढी कर माझी." मग माझ्याकडं बोट रोखून, "आणि मुद्दाम आवाज पाडलास तर पैज धरणार नाही. चांगला काढ. माझ्यापेक्षा चांगला."

एवढा अपमान कोण सहन करील? मी नाक चढवलं, छाती भरली, हौदाच्या पत्र्यावर खडा ठोकला. "थांबा! सगळे आहात तिथेच बसा! हं, पुढं?"

हेडमास्तर फसले. ते पायरीवर बसलेसुद्धा. हौदाच्या कडेनं मी डोकावलो. सहादेवनं मूठ भरली. छबू मोजत होती. बनूच्या ओठांवर हसू आलं, पण पाय फळ्याकडंच. मी पुन्हा ओरडलो, रागावून, मग लाडानं, मग बाई वर्गाबाहेर काढताना ओरडतात तसा. कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग बाई हौदामागनं निघाल्या, एक शब्द न बोलता काठीपाशी गेल्या आणि रुमाल खाली घेतला.

बनूनं मिळवलं, मूठ मडक्यात सोडली, खडू ठेवला, वर बघितलं, बसली. छबू आली, तिनंही तेच केलं, बसली. सहादेव शेवटचा. त्यानं खडू ठेवला, हात झटकले, वर पाहिलं आणि "हुश्श" करून मातीत बसकण मारली. कुणाच्या मुठीत काही नाही, खडू जागेवर.

आण्णा उठून मडक्यात डोकावले. मग वळले. "हेडमास्तर, ह्या बाईची आर्डर काढा. माजं न्हाई ऐकत तर न्हाई ऐकत. पर ही पोरं अर्ध्यात टाकून उठत न्हाईत. आमच्या कमिटीत असं एक मानूस दावा."

"म्हणजे असं आहे की..." हेडमास्तर पायरीवरनं उठत म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. आजपासून आठ दिवस.

मी पैज पाळतो आहे. तोंड बंद आहे, म्हणून हे सगळं लिहून काढलं. लिहिण्याबद्दल हौदामागं काही ठरलं नव्हतं.