पाठमोरी मुलगी

जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनच्या इमारतीतली तळघरातली खोली एका चित्रकारांनी भाड्याने घेतली, तेव्हा जिन्यात रंगाचा वास येतो म्हणून सगळ्यांत आधी मीच कुरकुर केली. तावातावाने खाली गेले आणि तासभर तिथेच बसले. मला नसत्या चौकशांची खोड आहे असं नवरा नेहमी म्हणतो, आणि त्या दिवशी ते मलाही पटलं.

चित्रकार टांझानियाच्या किनाऱ्यावरचे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, सडपातळ, मोजकं बोलणारे. हार्डबोर्डवर चित्रं काढायचे, तीही सायकलींना लावतात त्या चकचकीत ऑइलपेंटने. लहान वयात दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले तेव्हा तिकडे हाच रंग मिळायचा, मग दुसरा कुठला आवडलाच नाही. माणसाएवढे लाल मासे, झाडावर चढलेल्या मोरपंखी बकऱ्या, पिवळंधमक आकाश. एक रंग वाळल्याशिवाय शेजारी दुसरा लावायचा नाही, त्यामुळे एकेका चित्राला महिना लागायचा. मी सायकल ठेवायच्या निमित्ताने रोज डोकावायचे.

प्रत्येक चित्रात गुलाबी फ्रॉकमधली एक मुलगी असायची. कधी होडीत, कधी सायकलच्या कॅरिअरवर, पण कायम पाठमोरी.

"ही कोण?" मी विचारलं.

"मुलगी आहे."

"ते दिसतंय. कोणाची?"

"पिवळा अजून ओला आहे, हात लावू नका."

तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा कुठला तरी रंग ओला निघाला. मी घरी येऊन तर्क लढवायचे. बहीण असेल, लहानपणची मैत्रीण असेल. नवरा म्हणायचा, तू जेव आधी.

त्या वसंतात शहराच्या ग्रंथालयाला मुलांच्या विभागासाठी मोठं चित्र हवं होतं. चित्र पसंत पडलं तर तसं पत्र मिळणार होतं, आणि पत्राशिवाय त्यांचा व्हिसा वाढणार नव्हता. नाहीतर शरद ऋतूत परत जावं लागणार, हे त्यांनीच मला एकदा ब्रश धुता धुता सांगितलं. आणि त्या चित्रात ती मुलगी पहिल्यांदा वळली होती. गोबरे गाल, पुढचा एक दात पडलेला, बघत होती सरळ आपल्याकडे.

इथे माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. सासूबाई पुण्याहून रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "तीट लावलीस का गं?" मी हॉस्पिटलच्या यंत्रांची सॉफ्टवेअर लिहिणारी बाई. "अहो आई, थोतांड आहे ते," म्हणायचे आणि विषय बदलायचे.

चित्र बघायला ग्रंथालयाच्या बाई अकरा वाजता येणार होत्या. चित्रकार टांगायचे हूक आणायला बाजारात गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मी आधीच खाली जाऊन उभी राहिले. आता हिला रोज किती लोक बघणार, असं मनात आलं. सायकलची चाकं रंगवून काळ्या रंगाचा डबा उघडाच राहिला होता. करंगळी त्यात कधी बुडवली आणि त्या मुलीच्या गालावर कधी टेकवली, मला खरंच कळलं नाही.

कळलं तशी घाईने डबा बंद केला. फडकं शोधत होते तेवढ्यात चित्रकार दारात.

"हे काय केलंत?" आवाज चढला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले. त्यांनी फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं.

"पुसा, पुसा," मी म्हटलं. "खालचा वाळलाय ना?"

"पुसलं की जाईल. पण केलंत का?"

माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं. मूल फार गोड दिसलं की आमच्याकडे आई काळा ठिपका लावते, कोणाची नजर लागू नये म्हणून. सांगताना लाज वाटत होती.

"कुठल्याही मुलाला?"

"नाही. आपल्या."

ते फडकं हातात धरून उभे राहिले. मग चित्राकडेच बघत म्हणाले, "ही माझीच आहे. निघालो तेव्हा चार वर्षांची होती, आता सात. माझ्या बहिणीकडे असते. फोनवर चेहरा दिसतो, पण माझा रंग वाळेपर्यंत तो बदललेला असतो. म्हणून पाठमोरी काढायचो. या वेळी म्हटलं, पत्र मिळालं तर ती इथे येणारच आहे, मग तोंड दिसू दे."

बेल वाजली. त्यांनी फडकं खिशात कोंबलं.

ग्रंथालयाच्या बाईंनी एकेक मासा, एकेक बकरी बघितली. मग चष्मा कपाळावर चढवून गालाजवळ वाकल्या. "म्हणजे... इथे काही सांडलंय का?"

मी जमिनीकडे बघत होते.

"नाही," चित्रकार म्हणाले. "ते तसंच आहे."

"मुलं विचारतील."

"विचारू देत."

बाई पुन्हा वाकल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. पत्र सोमवारी पाठवते."

त्या संध्याकाळी मी लेकीला तीट लावली. सकाळी सासूबाईंनी ती पाहिली. आता टोमणा येणार म्हणून मी तयारीत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "छान दिसतेय."

ती मुलगी डिसेंबरात आली. दुसऱ्याच दिवशी तिला चित्र दाखवायला ग्रंथालयात न्यायचं ठरलं, आणि मी आगाऊपणे बरोबर गेले. पुढचा दात आला होता. चित्रकार एकदा चित्राकडे बघत, एकदा तिच्याकडे. "हनुवटी चुकली," पुटपुटले.

ती चित्राजवळ गेली. बापाचं बोट धरून कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिली. मग ते सोडलं, आपल्या गालावर बोट घासलं आणि काळं काही निघालं का, ते उजेडात धरून पाहिलं.