जिन्यावरचा एकोणतिसाचा पाढा

वन्सं गेल्याचा फोन आला, तेव्हा मी रामनगरच्या शाळेत आठवीच्या मुलींकडून संस्कृतची रूपं घोकून घेत होते. फोन माझ्या यजमानांचा, विनायकांचा. "ताई जिन्यात पडली," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, फार लागलं का? तेवढ्यात आमच्या तळमजल्यावर राहणाऱ्या मुन्नालालने फोन घेतला. "भाभीजी, आप आ जाइए. बहिनजी नहीं रहीं." मुली रूपं म्हणत राहिल्या आणि मी खडू हातात धरून उभी. माझं पहिलं उत्तर काय असावं? "नीट बघा, दुसरं कुणी असेल." जणू आमच्या जिन्यात रोज चार-दोन अनोळखी बायका येऊन पडतात.

पण खरंच, आमच्या घरात जायचंच तर जाण्याजोगे बरेच होते. मला साखर, विनायकांना रक्तदाब, मुन्नालालला बिडीचा खोकला. वन्संना काही म्हणजे काही नव्हतं. सुधावन्सं माझ्या थोरल्या नणंद. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, सत्तरीच्या उंबरठ्यावर असूनही पाठीचा कणा ताठ. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, क्षणाचं काम, त्रास झाला नसेल. मी मान डोलावली. आज इतके आठवडे झाले तरी मला ते पटलेलं नाही.

साताऱ्याहून लग्न होऊन मी काशीत आले, तेव्हा नणंदेची धास्ती मनात होतीच. ती पहिल्याच सकाळी खरी ठरली. नव्या नवरीला त्यांनी हाक मारून छतावर बोलावलं आणि हातात चहाऐवजी लाकडी जोडी दिली, आखाड्यात फिरवतात तसली मुद्गलांची. "फिरव. खांदे मोकळे होतात." मला ती उचलवली सुद्धा नाही. त्या हसल्या नाहीत, हेच मला तेव्हा फार लागलं. पुढे कळलं की त्या दुसऱ्याच्या धडपडीला कधीच हसत नाहीत. चुकीला मात्र त्या सोडत नसत. भाजीत मीठ जास्त झालं तरी सांगणार आणि श्राद्धाला आलेल्या गुरुजींचा उच्चार चुकला तरी सांगणार.

मग ते साथीचं वर्ष आलं. विनायक बँकेत, त्यामुळे त्यांना रोज बाहेर जावंच लागे, आणि मी दिवसभर घरात बसून स्वतःचा श्वास मोजत असे. बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावायचं, आकडा बघायचा, काढायचं, पुन्हा लावायचं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटे, हात गार पडत, आणि मला खात्री होई की मलाही झालं. तपासणीत काही निघत नसे. मग मी तपासणीवरच संशय घेई. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर तो मुक्कामाला आला होता. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता, आणि मनाचे वेगळे डॉक्टर असतात हे आमच्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं. बागा बंद, घाट बंद. श्रीमंत देशांतले लोक म्हणे घरात यंत्रावर पळत होते. आमच्याकडे होता तीन मजल्यांचा दगडी जिना, अंधारा आणि उभा.

एक दिवस वन्संनी माझ्या बोटावरचं यंत्र काढून घेतलं आणि मला पहिल्या पायरीवर उभं केलं. स्वतः वर छताच्या दाराशी जाऊन बसल्या. नियम असा: एका पायरीला पाढ्यातलं एक घर, मोठ्याने म्हणायचं. पाढा एकोणतिसाचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. अडखळलं किंवा चुकलं की वरून आवाज येणार, "चुकलं. पुन्हा खालून." मी विचारलं, एकोणतिसाचाच का, तिसाचा का नको? "तिसाचा सोपा आहे. सोपा पाढा म्हणताना भीतीलाही जागा मिळते," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्याने म्हणत वर पोचलीस ना, तर तुझी सांस ठीक आहे. तुला बीमारी नाही, घबराहट आहे. घबराहटही खरीच असते, पण तिला वर चढवता येतं."

एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी... चोकला मी हमखास घसरायची. पुन्हा खाली. पहिल्या दिवशी मी रडले, मग चिडले, मग इतकी चिडले की घाबरायचं विसरले. संध्याकाळी ताटावर बसले तेव्हा ध्यानात आलं की कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. वन्संनी तेव्हा माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, आमटी मात्र पुन्हा वाढली.

मुन्नालालची नाव घाटाला बांधून पडलेली. तोही घाबरून उंबऱ्यात बसून असे. त्याला पाढे येत नव्हते, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वन्संनी त्याला अस्सीपासून एकेका पायरीला एकेक घाट म्हणायला लावला. तो दशाश्वमेधपर्यंत धाडधाड यायचा, पण मणिकर्णिकेच्या पायरीला गप्प व्हायचा. त्या दिवसांत त्या स्मशानघाटावर काय चाललं होतं, ते सगळ्यांनाच माहीत होतं. वन्सं त्या एका पायरीला त्याला सूट देत. तो न बोलता ती चढायचा आणि पुढे सिंधिया, संकठा, भोसले करत छतावर पोचायचा.

दुसऱ्या लाटेत गल्लीतून रोज कुणी ना कुणी जात होतं. एकदा मी वर पोचले, तेव्हा वन्सं दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभ्या होत्या आणि ओठ हलत होते. मी विचारलं, वन्सं, तुम्हालाही भीती वाटते? मला वाटलं, झटकून टाकतील. त्या म्हणाल्या, "वाटते म्हणूनच तर पाढा पाठ आहे. भीती नसती तर कशाला घोकला असता?" मग लगेच मला विचारलं, नव्वे किती? मी सांगितलं, दोनशे एकसष्ट. त्यांनी मान हलवली आणि आम्ही वाळत घातलेले पापड गोळा करायला लागलो, कारण समोरच्या गच्चीवर वानरं आली होती.

साथ गेली, जिना राहिला. वन्सं रोज सकाळी खालून वर पाढा म्हणत जात. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो ऐकूच येईनासा झाला.

आणि आता त्याच जिन्यात त्या गेल्या. घर सुन्न झालं असं लिहायची पद्धत आहे, पण आमचं घर सुन्न नव्हतं, भांबावलं होतं. तेराव्याला लोक जेवून जाताना वर बघत. जी बाई आम्हाला धीर देत होती, जिने आम्हाला चढवलं, तिला जिना चढताना मरण यावं... मला याचा राग येतो. अजून येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

तेराव्यानंतर विनायक जिन्याकडे फिरकेनात. अंथरूण खाली आणलं. छातीत कळ येते म्हणून दोनदा ईसीजीची पट्टी काढून आणली, दोन्ही चांगल्या. जेवताना डाव्या मनगटावर बोटं ठेवून बसत. मला ते ओळखू येणार नाही तर कुणाला? मी म्हटलं, चला, जिना चढू या. ते अंगावर आले, "तुझं काय जातं बोलायला!" लग्नाला इतकी वर्षं झाली, हा स्वर मी प्रथम ऐकला.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. ते मान खाली घालून बोलायला लागले. त्या सकाळी मी शाळेला निघून गेले होते आणि ते न्हाणीघराशी दाढी करत होते. ताईचा पाढा ऐकू येत होता. मधेच ती थांबली. ताई आणि पाढा विसरली! त्यांना गंमत वाटली. लहानपणापासून तिने यांच्या चुका काढलेल्या, आज पाळी यांची. "मी ओरडलो," ते म्हणाले, "चुकलीस, ताई! पुन्हा खालून! ...आणि हसलो, मीरा. वाट बघितली की ती काहीतरी बोलेल. मग उरलेली दाढी केली."

डॉक्टरांनी सांगितलेलं 'क्षणाचं काम' पुन्हा सांगून काय उपयोग होणार होता? वाटाण्याचे दाणे त्यांच्या हातून सांडत होते आणि ते एकेक वेचत होते. मी टोपली बाजूला केली, त्यांचा हात धरला आणि जिन्याशी नेलं. या वेळी ते अंगावर आले नाहीत. मी म्हटलं, म्हणा. ते म्हणाले, मला कुठे येतो एकोणतिसाचा? मी घाबरतो हे तिला कधी कळू दिलं नाही, म्हणून तिने मला शिकवला नाही.

एकेक घर मी आधी सांगत होते, ते मागून म्हणत होते. जिथे त्या सापडल्या, त्या वळणावर ते थांबले. मीही थांबले. सक एकशे चौऱ्याहत्तर झालं होतं. पुढचं मी मुद्दाम सांगितलं नाही. मग त्यांनी पाय उचलून त्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "साता... दोनशे दोन."

तो शब्द या घरात पुन्हा कुणी उच्चारावा की नाही, मला कळेना. ते माझ्याकडे बघत होते, तो मी उच्चारावा म्हणूनच बघत होते.

"चुकलं," मी म्हटलं. "पुन्हा खालून."

ते वळले, आणि भिंतीला हात लावत लावत पहिल्या पायरीकडे उतरू लागले.